चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका: सॉफ्टवेअरच्या नोंदींना पातळी कशी लावतात

पावसाळा तापला की सांगलीत माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: "आयर्विनला किती?" उत्तर एका आकड्यात येतं. "अडतीस." "साडेएकेचाळीस, वाढतंय." आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. आकडा ऐकला की कुणी जनावरं सोडायची, कुणी दुकानातला माल वरच्या मजल्यावर न्यायचा आणि कुणी नुसतं ऐकून झोपायचं, हे जवळपास ठरलेलं असतं.

मी याच गावात छोट्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामातही रोज हाच प्रश्न असतो: आत काहीतरी घडलंय, ते किती गंभीर? सॉफ्टवेअर त्याचं उत्तर एका पातळीत देतं. ही पातळी आत कशी साठवायची, म्हणजे आकडा ठेवायचा, शब्द ठेवायचा की दोन्ही, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. त्यावर चाळीसेक वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत आणि त्यातली काही एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

सॉफ्टवेअरच्या आत काय घडलं त्याच्या नोंदी लिहिणाऱ्या तयार साधनाला 'लॉगिंग लायब्ररी' म्हणतात. हा शब्द वर्तमानपत्रांत आला तो डिसेंबर २०२१ मध्ये. 'लॉगफोरजे' नावाच्या अशाच एका लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं आणि जगभरचे सर्व्हर दुरुस्त करायला रात्रीचे दिवस झाले. नोंद म्हणून आलेल्या मजकुरातल्या काही खुणांना ती लायब्ररी आज्ञा समजत होती, हे त्या भगदाडाचं कारण. पातळ्यांशी त्याचा संबंध नव्हता. पण कुणाच्या लक्षातही नसलेला हा भाग किती ठिकाणी बसवलेला आहे, ते त्या वेळी सगळ्यांना कळलं.

नोंदवही म्हणजे काय

पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण आलं, कोण गेलं, गाडी किती वाजता निघाली, सगळं वेळेसकट लिहिलेलं. चालू असलेला प्रोग्रामही अशीच डायरी लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात आणि ती लिहायचं तयार साधन म्हणजे लॉगिंग लायब्ररी. हळदीच्या सौद्यासाठी लिहिलेल्या माझ्या एका प्रोग्रामच्या डायरीतल्या ओळी साधारण अशा असतात:

०९:४२:१० डीबग: काट्याकडून आकडा आला, ५०.३५०
०९:४२:११ इन्फो: लॉट नोंदवला, पट्टी क्रमांक ११८
०९:४२:३० वॉर्निंग: काटा तासाभरात फार वेळा गप्प राहिला, वायर तपासा
०९:४३:०२ एरर: पट्टी साठवता आली नाही, डिस्कवर जागा नाही

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद. वेळेच्या पुढचा शब्द म्हणजे पातळी. डीबग म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा बारीकसारीक तपशील. इन्फो म्हणजे नेहमीचं काम नीट झाल्याची खबर. वॉर्निंग म्हणजे काम अडलेलं नाही, पण लक्ष असू द्या. एरर म्हणजे एक काम फसलं. याच्याही वर बहुतेक ठिकाणी क्रिटिकल किंवा फेटल असते, म्हणजे प्रोग्राम आता पुढे चालूच शकत नाही. काही लायब्ऱ्या डीबगच्याही खाली 'ट्रेस' नावाची पातळी ठेवतात. नावं इकडेतिकडे बदलतात, पण चढण हीच.

नुसता शब्द का पुरत नाही

पहिल्यांदा सुचतं ते असं: शब्दच साठवा की. वाचणाऱ्याला कळतो, वेगळं काही शिकावं लागत नाही.

अडचण तुलना करताना येते. कुणीतरी सांगतं, "वॉर्निंग आणि त्याहून गंभीर तेवढंच दाखव." कॉम्प्युटरला शब्दांतला लहानमोठेपणा अर्थावरून कळत नाही, तो अक्षरांच्या क्रमाने लावतो. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लावलं तर सगळ्यात आधी क्रिटिकल येतो, त्याच्यामागे डीबग, मग एरर, मग इन्फो आणि सगळ्यात शेवटी वॉर्निंग. म्हणजे 'वॉर्निंग आणि त्यापुढचं' मागितलं की फक्त वॉर्निंग हाती येतं. एरर गळाला आणि क्रिटिकलही गळाला. मराठी शब्द घेतले तरी सुटका नाही. वर्णमालेत 'इशारा' आधी आणि 'खबर' नंतर, म्हणजे साधी खबर इशाऱ्याहून गंभीर ठरते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. एकजण 'वॉर्निंग' लिहितो, दुसरा नुसतं 'वॉर्न', तिसऱ्याच्या हातून एक अक्षर सुटतं. माणूस हे तिन्ही एकच समजतो, मशीनला ते तीन वेगळे शब्द. म्हणून चांगल्या लायब्ऱ्या शब्द मोकळा लिहू देत नाहीत. सरकारी अर्जात 'लागू असेल तिथे खूण करा' म्हणून चौकोन दिलेले असतात, तशी ठरावीक यादी देतात. यादीबाहेरचं काही लिहिलं तर प्रोग्राम तयारच होत नाही, चूक तिथल्या तिथे पकडली जाते. अशा बंदिस्त यादीला प्रोग्रामर 'एनम' म्हणतात.

नुसता आकडा का पुरत नाही

मग आकडाच ठेवावा. लहानमोठा लगेच कळतो आणि दोन आकड्यांची तुलना मशीन डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी करतं.

पण कोल्हापूरचा पाहुणा सांगलीत आला की काय होतं ते बघा. त्यांच्याकडे पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. "चव्वेचाळीस झालं" म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्या हिशोबात धोका ओलांडला. सांगलीत चव्वेचाळीस म्हणजे इशाऱ्याच्या वर आणि धोक्याच्या खाली. आकडा त्या त्या जागेचा असतो, तिथली पट्टी माहीत नसेल तर तो फसवतो. 'इशारा' आणि 'धोका' हे शब्द मात्र दोन्ही गावांत एकाच अर्थाने पोचतात.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच झालेलं आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५०. जावा भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत इन्फो ८००, वॉर्निंग ९०० आणि सगळ्यात वरची 'सीव्हिअर' १०००. अँड्रॉइड फोनच्या आत डीबग ३, इन्फो ४, वॉर्निंग ५, एरर ६. चार ठिकाणच्या डायऱ्या एकत्र करून '४०' एवढंच बघितलं तर त्याला काहीही अर्थ नाही.

त्यातून हा आकडा कुणी मजकूर म्हणून साठवला तर आणखी घोळ. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. '१०००' ची सुरुवात एकने आणि '९००' ची नवाने, म्हणून जावातली सगळ्यात गंभीर पातळी वॉर्निंगच्या खाली जाऊन बसते. हा घोळ मी दुसऱ्यांच्या कामात एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे आणि तो शोधायला दरवेळी निम्मा दिवस जातो.

म्हणून आता बहुतेक लायब्ऱ्या दोन्ही ठेवतात. आत तुलनेसाठी आकडा, बाहेर वाचण्यासाठी शब्द, आणि दोघांची जोडी लावणारी एक छोटी यादी. नदीकाठच्या फूटपट्टीवर फुटांच्या खुणा असतात आणि अमुक खुणेवर 'धोका' हे माणसांनी ठरवलेलं असतं, तीच ही रचना. माझं ठाम मत असं की डायरीतून दुसरीकडे पाठवताना आकडा एकटा कधी पाठवू नये, शब्द बरोबर हवाच.

वर मोजायचं की खाली

यावर एकमत नाही आणि हा गोंधळ जुना आहे.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ईमेल पोचवणारा 'सेंडमेल' हा प्रोग्राम लिहिला. त्याच्या नोंदींसाठी त्यांनी 'सिसलॉग' ही पद्धत तयार केली. ती इतकी पसरली की पुढे तिचं रीतसर प्रमाण झालं. आज चालतं ते २००९ सालचं. त्यात आठ पातळ्या आहेत, ० ते ७. शून्य म्हणजे इमर्जन्सी, यंत्रणा वापरण्याजोगी उरलेली नाही. मग १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटीस, ६ माहिती आणि ७ डीबग. इथे आकडा जितका लहान, तितकं प्रकरण मोठं. गुणवत्ता यादीत पहिला नंबर सगळ्यात वर असतो, तसं.

या पद्धतीतली एक कल्पना मला फार आवडते. नोंद कुठल्या खात्याची आहे, यालाही सिसलॉगमध्ये आकडा आहे. ईमेल म्हणजे खातं क्रमांक २. खातं आणि पातळी दोन्ही एकाच आकड्यात बसवायचे, तर खात्याला ८ ने गुणायचं आणि पातळी मिळवायची. ईमेलमधला एरर म्हणजे २ गुणिले ८ अधिक ३, म्हणजे १९. उलट जायचं असेल तर चौथीतला भागाकार: १९ ला ८ ने भागा, भागाकार २ हे खातं आणि बाकी ३ ही पातळी. पातळ्या बरोबर आठच असल्यामुळे हे जमतं. त्या काळी एकेक अक्षर जपून वापरावं लागे, त्या काटकसरीतून हे आलेलं आहे. याची किंमत अशी की नववी पातळी घालायला जागाच उरली नाही.

पायथन, जावा आणि अँड्रॉइड उलट चालतात: आकडा मोठा, प्रकरण गंभीर. नदीच्या फुटांसारखं.

सगळ्यात मोठी कोलांटी लॉगफोरजेने मारली. तिच्या पहिल्या पिढीत डीबग १००००, एरर ४००००, फेटल ५००००, म्हणजे चढता क्रम. दुसऱ्या पिढीत फेटल १००, एरर २००, वॉर्न ३००, इन्फो ४००, डीबग ५००, म्हणजे उतरता. नाव तेच, लायब्ररी तीच, दिशा उलटी. जुन्या प्रोग्राममध्ये कुणी 'आकडा वॉर्नच्या आकड्याहून मोठा असेल तर कळव' असं हाताने लिहून ठेवलं असेल, तर नव्या पिढीत तो प्रोग्राम डीबगची बारीक खबर पोचवत राहणार आणि फेटल गिळून टाकणार.

यातून प्रोग्रामर मंडळींनी घ्यायची गोष्ट साधी आहे. आकड्यांची तुलना स्वतः करू नका. 'ही पातळी त्या पातळीइतकी गंभीर आहे का' हे विचारायची सोय लायब्ररीतच दिलेली असते, तिलाच विचारा. दिशा कुठली ते तिला ठाऊक असतं.

दोन पातळ्यांच्या मध्ये जागा का सोडतात

पायथनमध्ये १, २, ३ असं न ठेवता १०, २०, ३० का ठेवलं, असं शिकणारी मुलं हमखास विचारतात. याचं उत्तर आपल्या सातबाऱ्यावर आहे. गट नंबर ४५ आणि ४६ लागून असतात. ४५ ची वाटणी झाली की मध्ये पूर्णांक उरलेला नसतो, मग ४५/१, ४५/२/अ असे पोटहिस्से पाडत बसावं लागतं. सुरुवातीलाच दहा-दहाचं अंतर ठेवून ४५०, ४६० असे नंबर दिले असते तर ४५५ सरळ मध्ये बसला असता. पायथनमध्ये कुणाला इन्फो आणि वॉर्निंगच्या मध्ये 'नोटीस' हवी असेल, तर २५ आकडा घ्यायचा आणि नाव जोडायचं. बाकीचं काही हलवावं लागत नाही.

गो भाषेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याबरोबर एक नवी लॉगिंग लायब्ररी दिली, 'एसलॉग'. तिच्यात डीबग उणे ४, इन्फो ०, वॉर्न ४ आणि एरर ८. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. पण कारणं चोख आहेत. गो भाषेत आकडा दिलाच नाही तर तो शून्य धरला जातो, म्हणून पातळी सांगायला कुणी विसरलं तर ती आपोआप इन्फो होते आणि विसराळूपणाने काही बिघडत नाही. आणि चारचं अंतर घेतलं ते 'ओपनटेलिमेट्री' या सामाईक प्रमाणाशी जुळावं म्हणून. वेगवेगळ्या लायब्ऱ्यांच्या डायऱ्या एका पट्टीवर आणायला हे प्रमाण केलेलं आहे. त्यात १ ते २४ आकडे आणि चार-चारचे सहा गट: १ ते ४ ट्रेस, ५ ते ८ डीबग, ९ ते १२ इन्फो, १३ ते १६ वॉर्न, १७ ते २० एरर, २१ ते २४ फेटल. एसलॉगच्या आकड्यात ९ मिळवले की ओपनटेलिमेट्रीचा आकडा तयार. कोल्हापूर आणि सांगलीची फूटपट्टी एकमेकींत बदलून देणारा तक्ताच म्हणा.

मधली जागा मोकळी ठेवायची म्हटलं की वर सांगितलेली बंदिस्त यादी अडचणीची होते. यादी बंद ठेवली तर चूक होत नाही, पण नवी पातळी घालता येत नाही. लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीने म्हणूनच ठरलेल्या पातळ्यांची बंद यादी आत ठेवली आणि वापरणाऱ्याला नवं नाव व नवा आकडा जोडायची वाट बाहेर मोकळी ठेवली.

पातळी संदेशाची, उंबरठा वाचणाऱ्याचा

आयर्विनला ४० ही इशारा पातळी खरी, पण सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या माणसांना इतकं थांबून चालत नाही. त्यांच्या दारात पाणी त्याच्या आधीच येतं. ते तिशी ओलांडली की बिछाने बांधायला लागतात. विश्रामबागेतला माणूस त्याच वेळी निवांत असतो. पाण्याची उंची दोघांसाठी एकच आहे, हलायचं कधी हे प्रत्येकाने आपापलं ठरवलंय.

सॉफ्टवेअरमध्येही या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. संदेश लिहिणारा प्रोग्रामर त्याला पातळी लावतो. आणि 'या पातळीच्या वरचंच मला दाखव' हे वाचणारा ठरवतो. या दुसऱ्याला मी उंबरठा म्हणते. उंबरठ्याला एक जास्तीची किंमत लागते, ती म्हणजे 'बंद', काहीच नको. फोन सायलेंटवर ठेवता येतो, पण येणारा कॉल स्वतः 'सायलेंट' नसतो. रस्ट भाषेच्या लायब्ररीने हे नीट ओळखलं आणि दोन वेगळे प्रकार केले: संदेशाच्या पातळीत 'बंद' नाही, उंबरठ्याच्या यादीत आहे. ज्या लायब्ऱ्यांनी दोघांना एकाच यादीत कोंबलं, तिथे 'बंद' पातळीचा संदेश लिहिणं शक्य होतं, ज्याला काही अर्थच लागत नाही.

उंबरठ्यामुळे नवशिक्यांची एक हमखास पंचाईत होते. पायथनमध्ये काही न सांगता उंबरठा वॉर्निंगवर असतो. मुलं इन्फोच्या ओळी लिहितात, प्रोग्राम चालवतात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. त्यात पायथनमध्ये चाळण्या दोन असतात, एक लिहिणाऱ्याच्या तोंडाशी आणि दुसरी फाइलच्या किंवा पडद्याच्या तोंडाशी. पहिलीतून गव्हाचा दाणा खाली पडलाच नाही तर दुसरी कितीही मोठ्या भोकांची घ्या, हाती काही येत नाही. आधी पहिली चाळण तपासा.

"मग सगळंच लिहून ठेवा की"

हा आक्षेप दुकानदार घेतात आणि तो रास्त वाटतो. पण प्रत्येक ओळ लिहायला वेळ लागतो, डिस्कची जागा लागते, आणि भाड्याच्या सर्व्हरवर त्या जागेचे पैसे लागतात. म्हणून लायब्ररी वाक्य जुळवत बसण्याआधी दोन आकडे ताडून बघते आणि उंबरठ्याखालचं असेल तर तिथूनच परत फिरते. आत आकडा ठेवण्याचं हेही एक कारण.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. डीबगच्या ओळीत प्रोग्रामच्या पोटातलं सगळं उघडं होतं. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक, मोबाईल नंबर, उचल किती घेतली. ही फाइल दुरुस्तीसाठी कुणाच्याही हाती जाते. असं काही कुठल्याच पातळीला लिहू नये, आणि चुकून लिहिलं गेलंच तर रोजच्या फाइलमध्ये ते उतरू नये एवढी तरी चाळण हवी.

"इतक्या पातळ्या कशाला? बरं-वाईट एवढं पुरे"

असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. वॉर्निंग आणि एररच्या मधली रेघ कुठे ओढायची यावरून ऑफिसात तासन्‌तास वाद होतात. पण त्याचं मूळ माझ्या मते पातळ्यांच्या संख्येत नाही. एकाच आकड्यात आपण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं कोंबतो, तिथे आहे.

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? दूरसंचार विभागाची आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती ती. असे इशारे देण्यासाठी आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे व्यासपीठ आहे आणि ते एक आंतरराष्ट्रीय नमुना पाळतं. त्या नमुन्यात प्रत्येक इशाऱ्याला तीन वेगळे रकाने असतात: किती गंभीर, किती तातडीचं आणि किती खात्रीचं. महापूर फार गंभीर असू शकतो, पण दोन दिवसांनी येणारा; उलट अंगणातलं झाड आत्ता पडतंय, तातडी पूर्ण, नुकसान थोडं. लॉगच्या पातळीत हे तिन्ही एका शब्दात येतात, म्हणून एकजण गंभीरता बघून 'एरर' म्हणतो, दुसरा तातडी बघून 'वॉर्निंग' म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

माझ्या हळदीच्या प्रोग्राममध्ये हे मी अनुभवलं. इलेक्ट्रॉनिक काट्याकडून कधीकधी पहिल्या विचारण्याला उत्तर येत नाही, वायर हलते, पोतं चढताना काटा स्थिर नसतो. प्रोग्राम पुन्हा विचारतो आणि दुसऱ्या वेळी आकडा येतो. मी त्या ओळीला 'एरर' लावलं होतं, कारण माझ्या दृष्टीने एक विचारणा फसली होती. सौद्याच्या हंगामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाल ओळींची रांग लागायची. मग एके दिवशी डिस्क भरली आणि दुपारनंतरच्या पट्ट्या साठवल्याच गेल्या नाहीत. तीही ओळ लाल, तीही एरर. दिवाणजींनी ती पाहिली होती.

"काका, दिसलं होतं तर फोन का केला नाही?" मी विचारलं.

"ताई, ते लाल रोजच असतंय की. त्यातलं कुठलं खरं समजायचं मी?"

त्यांचं बरोबर होतं. त्या रात्री तोलाईदाराच्या वहीवरून आम्ही एकेक पट्टी पुन्हा लिहिली. शेतकरी पैशासाठी बाहेर ताटकळत होते. त्यातला एकजण कवठेमहांकाळहून आलेला, शेवटची एसटी चुकली म्हणून दुकानातच झोपला. चूक माझ्या एका शब्दाची होती.

तेव्हापासून पातळी लावताना मी आतल्या बिघाडाचा आकार बघत नाही. ही ओळ वाचून कुणी काय करायचं, तेवढं विचारते. कुणी काहीच करायचं नाही, पण काम झाल्याचा पुरावा हवा: इन्फो. आज संध्याकाळपर्यंत कुणीतरी बघावं: वॉर्निंग. हातातलं काम सोडून आत्ता बघावं: एरर. सौदा थांबवावा: क्रिटिकल. काटा दुसऱ्या वेळी बोलला, तर दिवाणजींनी काय करायचं? काहीच नाही. ती ओळ डीबगमध्ये गेली. पण तासाभरात तो फार वेळा पहिल्या फेरीत गप्प राहिला तर वायर बदलायला हवी, म्हणून त्यासाठी वेगळी मोजणी ठेवली आणि तिची एकच वॉर्निंग येते.

"हे शब्द मराठीत का नाहीत?"

असू शकतात. आत आकडा आहे म्हणूनच असू शकतात. एरर ४० ला पडद्यावर काय म्हणायचं हे त्या छोट्या यादीतून येतं आणि यादी बदलली तरी तुलना बिघडत नाही. फाइलमध्ये मी जगभर चालणारा शब्द तसाच ठेवते, कारण उद्या दुसऱ्या कुणाला ती तपासावी लागेल आणि शोधायला एकच शब्द असलेला बरा. पडद्यावर मात्र दुकानातल्या माणसाचे शब्द. ते मी दिवाणजींनाच विचारले. ३० ला त्यांनी 'इशारा' सांगितलं, ४० ला 'धोका'. ५० ला काय म्हणायचं विचारल्यावर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तिथं शब्द नको. तुमचा फोन नंबर टाका."

तिथे आता नंबर आहे.